भिंगवाल्या बाई आणि सत्तेचाळीस डब्या

कौलांच्या कारखान्यामागे जी पत्र्याच्या खोल्यांची वस्ती आहे, तिथे त्यांना सगळे भिंगवाल्या बाई म्हणत. खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. लोकांच्या संडासाचे, रक्ताचे, थुंकीचे नमुने घ्यायचे, काचपट्टीवर थेंब ठेवायचा, मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि दिसेल ते लिहून ठेवायचं.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्याही डोळ्याला दिवसभर भिंग. "आमच्या घरात माणसं दोन आणि कामाचे डोळेही दोनच," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा. नणंद मात्र बाईंच्या हातचं खायला तीस वर्षं का-कू करत आली होती. "वहिनी, हात धुतलेत ना नीट?" हे दर वेळी ठरलेलं. एकदा बाई वैतागून म्हणाल्या, "तुमच्या भावाने जन्मात धुतले नसतील इतके मी रोज धुते." 

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हा वरून पाहणीचा कागद आला. ओल्या मातीत अनवाणी काम करणाऱ्यांची तपासणी करायची होती, आणि त्यातही म्हाताऱ्यांची, दम्याच्या आजाऱ्यांची आधी. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. मातीत एक जंत असतो, सुताच्या तुकड्याहून बारीक. तो तळपायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्यात घर करतो. बाकीचे जंत कधी ना कधी मरून जातात. याची पिल्लं त्याच माणसाच्या अंगात पुन्हा शिरतात, म्हणून हा तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं राहतो. माणसाला फार तर पोटात ढवळतं, खाज येते, बाकी काही कळत नाही.

"मग एवढी घाई कशाला?" दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला. "चाळीस वर्षं राहिलाय, आणखी चार महिने राहील."

"स्टेरॉइड दिलं की हा बेफाम वाढतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दम्याला देतात, सांधेदुखीला देतात. अंगाची राखण ढिली पडते आणि हा फुप्फुसात, रक्तात, सगळीकडे जातो. त्यानंतर माणूस क्वचितच वाचतो. आधी सापडला तर दोन दिवस गोळ्या, की संपलं."

ड्रायव्हर डब्यांची खोकी गाडीत भरायला उठला.

बाई डब्या घेऊन वस्तीत गेल्या. फिरकीच्या झाकणाच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्या, प्रत्येकीवर आकडा. कौलांच्या मातीसाठी मोठाले खड्डे होते. त्यात पाणी सोडून माती भिजवायची, आणि बाया-पुरुषांनी ती घोट्याच्या वरपर्यंत पाय घालून तुडवायची, मऊ लोण्यासारखी होईपर्यंत. कारखान्याने एकदा गमबूट वाटले होते. पाय उचलला की पाय तेवढा वर यायचा, बूट चिखलातच राहायचा. आता त्या बुटांत माती भरून बायकांनी फुलझाडं लावली होती, दारोदारी बुटांच्या जोड्या फुललेल्या दिसायच्या.

डब्या बघून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "एवढ्याशा डबीत कसं मावायचं हो?" एकीने विचारलं.

"डबी भरायची नाही गं, दोन चमचे पुरेत. मी काय दुकान मांडून बसणार आहे?"

हशा पिकला आणि डब्या घरोघर गेल्या. तीन दिवसांत दोनशे बारा परत आल्या. कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली, कुणी पोराच्या हातून पाठवली. एका म्हातारबाबांनी मात्र धुतलेल्या रुमालात बांधून, दोन्ही हातांत धरून स्वतः आणून दिली. त्यांना वस्ती तुडवे नाना म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी माती तुडवली होती. आता दम लागायचा, म्हणून काठावर बसून ते नव्या माणसांना कुठे गाठ राहिली ते सांगायचे, आणि दिवस चांगला असला तर अजूनही तासभर खड्ड्यात उतरायचे.

"घ्या बाई," ते म्हणाले. "चाळीस वर्षांची कमाई आहे. नीट मोजा."

हा जंत साध्या तपासणीत सहसा सापडत नाही. नमुना जाळीच्या कापडात बांधून नरसाळ्यातल्या कोमट पाण्यात टांगावा लागतो. ऊब लागली की पिल्लं कापडातून बाहेर पडून खाली रबरी नळीत जमतात. चार-सहा तासांनी चिमटा सोडायचा, तळाचे थेंब घ्यायचे आणि भिंगाखाली धरायचे. लॅबच्या ओट्यावर बाईंनी बारा नरसाळी ओळीने लावली होती. सकाळी टांगायची, दुपारी बघायची. नानांच्या थेंबात त्यांना एका नजरेत सहा दिसली. चाबकासारखी वळवळत, एका कडेकडून दुसऱ्या कडेला निघालेली.

"सापडली!" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांच्या सवयीने डोळ्याला आनंद झाला होता. मग डबीवरचा आकडा बघितला, नाव बघितलं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

दोनशे बारापैकी सत्तेचाळीस डब्यांत जंत निघाले. बाईंनी यादी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "गोळ्या कधी वाटायच्या?"

डॉक्टरीणबाईंनी यादी वाचली. मग ड्रॉवरमधून पाहणीचा कागद काढून पुढे सरकवला. आधी साऱ्या वस्त्यांची पाहणी पुरी करायची, मग अहवाल, मग मंजुरी, मग गोळ्या. अजून नऊ वस्त्या बाकी होत्या.

"मॅडम, म्हणजे वर्ष जाईल."

"मी पत्र लिहिलंय. फोन पण केला. ते म्हणतात, पाहणीसाठी पाहणी आहे, उपचाराचा भाग दुसऱ्या टप्प्यात."

"आणि बाजारात?"

"इथल्या काय, जिल्ह्याच्या दुकानांतही माणसांसाठीची गोळी येत नाही. मी चार ठिकाणी विचारलं." डॉक्टरीणबाईंचा आवाज जरा बारीक झाला. "निदान ज्यांना दमा आहे त्यांना सांगून ठेवा. स्टेरॉइड घ्यायचं नाही. हे कागदावर लिहून द्या."

यादीत दम्याचे तिघं होते, त्यांत नेहमी औषध घेणारे एकटे नाना. बाई पहिल्यांदा नानांकडे गेल्या.

एकच खोली. मुलगा ट्रकवर, दोन-दोन महिने घरी नसायचा. घरात नाना आणि सून. सून भट्टीच्या तोंडाशी कौलं उलटायचं काम करायची, त्यामुळे तिच्या हातांवर बारीक डागांची नक्षी होती. बाईंना तिने पाट दिला, पाणी दिलं. नाना उघड्या अंगाने भिंतीला टेकून बसले होते आणि कमरेजवळ खाजवत होते.

"बघू," बाई म्हणाल्या.

कमरेवर एक तांबडी रेघ होती, वाकडीतिकडी, वीतभर. "हे पळतं हो," नाना म्हणाले. "सकाळी इथं होतं. आता पाठीकडे निघालंय. दोन दिवसांत जाईल, मग परत येईल. वर्षानुवर्षं चाललंय."

बाईंनी बोटाने ती रेघ गिरवली. त्यांची आईही अशाच खड्ड्यांत माती तुडवायची. अंघोळीला बसली की म्हणायची, "जरा पाठीवर बघ गं, काहीतरी पळतंय." बाई तेव्हा दहा वर्षांच्या, त्या बोटाने रेघ गिरवायच्या आणि दोघी हसायच्या. पुढे आईला दम्याची इंजेक्शनं सुरू झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. छातीत पाणी झालं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि घरच्यांनीही तेच धरून ठेवलं होतं. बाईंनी नानांच्या कमरेवरची रेघ पुन्हा एकदा पाहिली. खरं काय होतं ते आता कळायला मार्ग नव्हता.

"नाना, दम्याला काय घेता?"

सुनेने फळीवरून कागदाची पुडी काढून दिली. आत कुटलेल्या गोळ्यांची पांढरी भुकटी. कोपऱ्यावरचा डॉक्टर अशाच पुड्या बांधून द्यायचा, नाव-गाव काही नाही.

"फार गुणाची पुडी आहे," नाना म्हणाले. "घेतली की दम जातो, भूक लागते, सांधेही मोकळे होतात. त्या दिवशी मी खड्ड्यात उतरतो."

एवढ्या तडकाफडकी गुण स्टेरॉइडनेच येतो, हे बाईंना ऐकूनच कळलं. त्यांनी लिहिलेला कागद सुनेच्या हातात दिला आणि नानांना सगळं सांगितलं, अगदी हातवारे करून. नानांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पुडी बंद केली की दम्याने जाणार आणि चालू ठेवली की जंताने?"

"असं नाही हो. जंताची गोळी घेतली की प्रश्न मिटला."

"मग द्या की."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. सून त्यांच्याकडे बघत होती, ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं अशा शांत नजरेने.

बाई तिथून उठून थेट पुडीवाल्या डॉक्टरकडे गेल्या. तो चिडला नाही. "बाई, मी दिली नाही तर तो दुसऱ्याकडून घेईल," तो म्हणाला. "शिवाय इतक्या महिन्यांची सवय, एकदम तोडली तर तसाच कोसळेल. हळूहळू कमी करतो, चालेल?" हे त्याचं बरोबरच होतं. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. म्हणजे पुडी तोडताही येत नव्हती.

मग बाई जिल्ह्याच्या औषध भांडारात गेल्या. रजा टाकून, बस बदलत. भांडारवाल्या साहेबांनी खुर्ची दिली, वही उघडली. गोळ्या होत्या. दोन खोकी, बाईंना खिडकीतून दिसत होती.

"ती वसतिगृहांतल्या खरजेसाठी आलीत," साहेब म्हणाले. "गोळी तीच, पण खातं वेगळं. सगळ्या वसतिगृहांच्या याद्या आल्या की वाटप आहे."

"साहेब, एका माणसापुरत्या द्या. चार-आठ गोळ्यांचा प्रश्न आहे."

"एका पोराच्या चार कमी पडल्या तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" साहेब खरंच अवघडले होते. "तुमच्या मॅडमचं पत्र मोठ्या साहेबांकडून सही होऊन आलं की मी त्याच दिवशी देतो. शब्द देतो."

पत्र मोठ्या साहेबांकडे गेलं. मोठे साहेब प्रशिक्षणाला गेले होते. नंतर आले तेव्हा त्यांनी शेरा मारून विचारलं की एकाच रुग्णाला का, बाकीच्या सेहेचाळीसांचं काय. प्रश्न बिनतोड होता. डॉक्टरीणबाईंनी सत्तेचाळीसांसाठी नवं पत्र केलं, ते आणखी वर गेलं.

अशात एका संध्याकाळी नानांची सून दवाखान्यात आली. भट्टीवरून तशीच आलेली, केसांत राख. "बाई, गुरांच्या दवाखान्यासमोर दुकान आहे ना, तिथे हेच औषध मिळतं म्हणे. पातळ, बाटलीत. गुरांच्या जंताला देतात. मी तुमच्या कागदावरचं गोळीचं नाव दाखवून विचारलं, तेच आहे. थोडं दिलं तर चालेल का?"

बाईंना माहीत होतं की औषध तेच असतं. पण ते किती तीव्र, त्यात आणखी काय मिसळलेलं, माणसाला किती द्यायचं, यातलं काही त्यांना माहीत नव्हतं, आणि एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला स्वतःच्या मनाने साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा दिली नव्हती. त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी कानावर हात ठेवले.

"नको पोरी," बाई सुनेला म्हणाल्या. "ते गुरांचं आहे. काही झालं तर आपल्याला सावरता यायचं नाही. थोडं थांब, आपलं येईल."

"बरं," सून म्हणाली आणि गेली.

थंडी पडली. भट्टीचा धूर जमिनीलगत बसायला लागला आणि वस्तीत ज्याला त्याला खोकला. बाई तेव्हा दुसऱ्या वस्तीच्या डब्या गोळा करत होत्या. एका दुपारी वेळ काढून त्या नानांकडे वळल्या तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "चार दिवस झाले. दम इतका लागला की ओठ निळे पडले. मोठ्या दवाखान्यात नेलंय. सूनही तिथेच आहे."

बाईंनी हातातल्या डब्या शेजारणीच्या ओट्यावर तशाच ठेवल्या आणि रस्त्यावर येऊन मिळेल त्या गाडीला हात केला.

मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डात सून खाटेच्या पायथ्याशी बसली होती. नानांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. पोटाच्या कातडीवर जांभळे ठिपके आले होते, बोटांचे ठसे उमटावेत तसे.

"मी कागद दाखवला होता," सून म्हणाली. तिने हातातली घडी उलगडली, बाईंच्या अक्षरातली. "पहिल्याच दिवशी. डॉक्टर म्हणाले, बघतो, पण आधी श्वास सुरू ठेवायला हवा. मग इंजेक्शनं दिली. दोन दिवस छान वाटलं. जेवले. माझ्याशी बोलले. काल सकाळपासून हे असं."

वॉर्डातला डॉक्टर तरुण होता, डोळे तारवटलेले. त्याने बाईंचं ऐकून घेतलं. "कागद बघितला होता मी," तो म्हणाला. "पण ते श्वासच घेत नव्हते हो. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं नसतं तर तिथेच गेले असते."

"थुंकी तपासली?"

"पाठवलीय. लॅबमध्ये एकच माणूस आहे, उद्या बघतील."

"मी बघू का?"

तो स्वतः त्यांना खाली घेऊन गेला. लॅबमधल्या माणसाने जागा करून दिली. बाईंनी पट्टी तयार केली, भिंग खाली आणलं. आतड्यातले जंत छातीत नसतात, ते थुंकीत दिसता कामा नयेत. त्यांना एका नजरेत मोजता येईनात इतके दिसले. एकमेकांत गुंतून, सैरावैरा. बाई बाजूला झाल्या. तरुण डॉक्टरने बघितलं आणि तो बराच वेळ डोळा काढेना.

त्यानंतर जी धावपळ झाली तिच्यात कुणीच कमी पडलं नाही. डॉक्टरने पाच ठिकाणी फोन केले. भांडारवाल्या साहेबांना बाईंनी स्वतः फोन लावला. त्यांनी सहीचं नाव काढलं नाही, आपल्या जबाबदारीवर गोळ्या काढल्या आणि शिपायाबरोबर पाठवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पोचल्या. नानांना गिळता येत नव्हतं, म्हणून कुटून नळीतून दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी परत दिल्या. त्याच दिवशी दुपारी नाना गेले. मुलगा ट्रक वाटेत सोडून निघाला होता, तो संध्याकाळी पोचला.

त्याची वाट बघत दोघी बाकावर बसल्या होत्या. सुनेने कागदाची घडी अजून मुठीत धरली होती. "बाई," ती म्हणाली, "त्या दिवशी ते गुरांचं औषध दिलं असतं तर?"

रागाने विचारलेलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाईंनी उत्तर शोधलं. वाचले असते असं म्हणायचं धाडस होईना, आणि वाचले नसते असंही शपथेवर सांगता येईना.

"माहीत नाही गं मला," त्या म्हणाल्या.

सुनेने मान हलवली. थोड्या वेळाने तिने बाईंच्या पाठीवर हात ठेवला, आणि बाईंना ते सहन होईना.

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. दोन दिवसांनी जेवताना तो एवढंच म्हणाला, "अगं, तू नियमाने वागलीस." बाई म्हणाल्या, "हो ना." आणि ताट सरकवून उठल्या. नियमाने वागल्याचं त्यांनी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं होतं. ते खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

पाहणी पुरी झाली. दर पाच माणसांमागे एकाच्या पोटात जंत, असा अहवाल गेला. वर त्याचं कौतुक झालं, बाईंना बोलावून सगळ्यांसमोर नरसाळ्याची पद्धत सांगायला लावली, टाळ्या वाजल्या. नाना गेल्यानंतर आठ महिन्यांनी मंजुरी आली आणि गोळ्यांची खोकी दवाखान्यात उतरली. बाई सत्तेचाळीसांची यादी घेऊन वस्तीत गेल्या. तोवर कारखान्याच्या दोन भट्ट्या बंद पडल्या होत्या. खोल्यांना कुलपं, काही खोल्यांना दारंच नाहीत. माणसं मिळेल त्या कारखान्याकडे पांगली होती. एकोणीस जण सापडले. त्यांना बाईंनी समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावल्या, दुसऱ्या दिवशी परत जाऊन दुसऱ्यांदा. नानांची सूनही यादीत होती. तिने गोळ्या घेतल्या, पाणी प्यायली आणि कामावर गेली, भट्टी पेटायची वेळ झाली होती. बाकीच्या सत्तावीस जणांसाठी बाईंनी दिसेल त्या कारखान्याला पत्र टाकलं. ड्रायव्हर रजेच्या दिवशी गाडी काढून त्यांना दोन ठिकाणी घेऊनही गेला. आणखी चौघं सापडले. तेविसांचा पत्ता लागला नाही.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना नवा कागद आला. नदीकाठच्या भाजी मळ्यांतले मजूर, तीनशे डब्या. उपचार दुसऱ्या टप्प्यात. बाईंनी तो दोनदा वाचला, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला आणि दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी पत्र लिहिलं, या वेळी गोळ्या आधी द्या म्हणून. उत्तर आलं नाही. पाहणीची तारीख आली.

मळ्याच्या कडेला पहिल्याच झोपडीत एक बाई भाजीच्या जुड्या बांधत बसली होती. पाय चिखलात पोटरीपर्यंत भरलेले. भिंगवाल्या बाईंनी डबी पुढे केली, काय करायचं ते सांगितलं, कशासाठी ते सांगितलं. तिने जुडी खाली ठेवून सगळं ऐकलं.

"आणि निघाला तर औषध आहे ना तुमच्याजवळ?"

"आत्ता नाही. येणार आहे."

"कधी?"

बाईंनी डबीवरचा आकडा वहीत उतरवला. मजूरबाईने डबी हातात फिरवून बघितली, झाकण उघडून परत लावलं आणि ती बाईंच्या हातात ठेवली. "मग औषध आलं की या," ती म्हणाली, अगदी सहज, पाहुण्याला पुन्हा या म्हणावं तसं. "आधी कळून काय करू? मनाला घोर तेवढा."

तिला समजावायला बाईंनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांत पाठ झालेलं सगळं जिभेवर होतं. पण त्या मजूरबाईचं चुकलंय कुठे, ते त्यांना सापडेना. त्यांनी डबी पिशवीत टाकली, वहीत त्या आकड्यापुढे 'नकार' असं लिहिलं आणि बांधावरून पाय जपत पुढच्या झोपडीकडे निघाल्या.